जुनी पेटी आणि नवा गळा

पुष्कळशा घरांतून, दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यांत, लाकडी पेटींत बसविलेला एखादा जुना लाऊडस्पीकर असतो. पेटी वडिलांच्या वेळची, लाकूड उत्तम, पॉलिश अद्याप शाबूत. परंतु आवाज मात्र पूर्वीसारखा राहिलेला नसतो. मग कोणी सांगतो, ‘आंतला ड्रायव्हर बदलून टाका, अलीकडे त्याहून पुष्कळ चांगले मिळतात.’ ड्रायव्हर म्हणजे पेटीच्या दर्शनी फळीला बसविलेला तो गोल अवयव. लोहचुंबक, तारेचें वेटोळें आणि कागदाचा शंकु मिळून तो झालेला असतो, आणि प्रत्यक्ष हवा हलविण्याचें काम तोच करतो. दुकानांत त्यालाच नुसतें ‘स्पीकर’ म्हणतात. पेटी हें शरीर धरलें, तर ड्रायव्हर हा तिचा गळा होय.

सल्ला सरळ दिसतो. दिवा गेला कीं दुसरा लावावा, तसा गळा बसला कीं नवा बसवावा! परंतु या सल्ल्यामागें शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा निर्वाळा असा कीं, लाऊडस्पीकरमध्यें गळा एकटा कधींच बदलत नाहीं. त्याच्याबरोबर दुसरें कांहीं तरी बदलावें लागतें. आणि तें न बदलल्यास उत्तम माल घालूनही आवाज बिघडतो. आपल्याकडील वाद्यें करणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाहीं. तबल्याची पुडी फाटली म्हणजे कारागीर बाजारांतील कोणतीही चांगली पुडी आणून चढवीत नाहीं. खोडाच्या तोंडाचें माप पाहूनच ती घेतो. मिरजेचा तंबोरे करणारा भोपळ्याचा घेर पाहिल्यावांचून पुढचें माप धरीत नाहीं. लाऊडस्पीकर करणाऱ्यांना मात्र हेंच ज्ञान मिळविण्यास निम्मे शतक लागलें.

ड्रायव्हरची मूळ कल्पना लाऊडस्पीकरहूनही जुनी आहे. वेर्नर सीमेन्स या जर्मन शास्त्रज्ञानें १८७४ सालींच असें दाखविलें होतें कीं, चुंबकाच्या वर्तुळाकार फटींत तारेचें वेटोळें ठेवून त्यांतून विद्युत्प्रवाह सोडला, तर तें वेटोळें पुढें-मागें सरकतें. १८७७ सालीं त्या वेटोळ्याला चर्मपत्राचा पडदा जोडून त्यापासून ध्वनि काढण्याच्या योजनेचें पेटंटही त्यानें घेतलें. इंग्लंडांत ऑलिव्हर लॉज यानें १८९८ सालीं याच तत्त्वावर मोठ्यानें बोलणारा एक टेलिफोन रचला. परंतु दोन्ही कल्पना कागदावरच राहिल्या म्हटलें तरी चालेल. कारण टेलिफोनच्या तारेंतून येणारा प्रवाह फार क्षीण, आणि जड वेटोळें हलविण्याचें सामर्थ्य त्यांत नव्हतें. गळा होता, पण छातींत दम नव्हता! १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्टचा तीन अग्रांचा व्हॉल्व्ह निघाला, आणि पुढील कांहीं वर्षांत त्याच्या साहाय्यानें क्षीण प्रवाह मोठा करण्याची विद्या साधली; तेव्हां कोठें या कल्पनेला जीव आला.

तो जीव प्रथम लोकांच्या दृष्टीस पडला कॅलिफोर्नियांत. मूळचा डेन्मार्कचा पीटर जेन्सन आणि त्याचा अमेरिकन सहकारी एडविन प्रिडहॅम हे नापा नांवाच्या गांवीं प्रयोग करीत असत. त्यांनीं हलत्या वेटोळ्याचा पडदा घेऊन त्याच्या तोंडाला कर्णा लावला, आणि १९१५ च्या नाताळांत सॅन फ्रान्सिस्को येथील नगरभवनासमोर जमलेल्या प्रचंड समुदायाला तो ऐकविला. या यंत्राला त्यांनीं ‘मॅग्नाव्हॉक्स’, म्हणजे लॅटिन भाषेंत ‘थोर आवाज’, असें नांव दिलें. १९१९ च्या सप्टेंबरांत अध्यक्ष विल्सन यांनीं सॅन दिएगो येथें सुमारें ५० हजार श्रोत्यांपुढें भाषण केलें, तें याच यंत्रांतून. त्यापूर्वीं एका माणसाचा आवाज इतक्यांच्या कानीं पडणें हें केवळ अशक्य होतें.

परंतु कर्ण्याचे गुण तसे दोषही होते. तो आवाज मोठा करी खरा, पण त्यांत आपला रंग मिसळी. शिवाय घरांत मावेल एवढ्या लहान कर्ण्यांतून खर्जाचे स्वर बाहेरच पडत नसत. त्यामुळें रेडिओच्या पहिल्या श्रोत्यांना कानाला लावावयाचे इअरफोन किंवा हंसाच्या मानेसारखा वांकडा कर्णा या दोहोंतच निवड करावी लागे. १९२७ सालीं जुलैच्या २३ तारखेस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र सुरू झालें, तो काळ या कर्ण्यांच्या अस्ताचा होता. कारण त्यापूर्वीं दोनच वर्षें त्यांना हटविणारा प्रतिस्पर्धी जन्मास आला होता.

अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघां अभियंत्यांनीं बिनकर्ण्याच्या लाऊडस्पीकरचा शोध चालविला होता. नाना प्रकारचे पडदे व नाना प्रकारच्या रचना पारखून पाहिल्यावर १९२५ सालीं त्यांनीं आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा ड्रायव्हर दिसावयास अगदीं साधा होता. सुमारें ६ इंच व्यासाचा कागदी शंकु, त्याच्या टोंकाशीं वेटोळें, आणि काठाशीं तो शंकु मऊ कडेनें सैल धरलेला. परंतु या साधेपणांत दोन मर्में होतीं, आणि पुढील शंभर वर्षांचा इतिहास त्या दोहोंतच सांठविलेला आहे.

पहिलें मर्म असें. प्रत्येक टांगलेल्या वस्तूला स्वतःची एक कंपसंख्या असते. झोपाळ्याला जसा त्याचा झोका असतो, तशीच. राइस व केलॉग यांनीं आपला शंकु इतका सैल धरला कीं, त्याची स्वतःची कंपसंख्या ऐकावयाच्या स्वरांच्या तळाशीं जाऊन राहिली. त्या तळाच्या वर स्वर जसजसा चढत जाईल, तसतसा शंकूचा वेग कमी होतो. पण त्याच प्रमाणांत हवेवरील त्याची पकड वाढत जाते. एकाची घट दुसऱ्याच्या वाढीनें भरून निघते, आणि खालपासून वरपर्यंत बऱ्याच पल्ल्यांत आवाज सारख्या जोराचा उमटतो. दुसरें मर्म फळीचें. शंकु पुढें सरकला म्हणजे समोरची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणीं पाठीमागची विरळ होते. मोकळा ड्रायव्हर टेबलावर ठेवून वाजविला, तर पुढची दाबलेली हवा कडेनें वळून मागची पोकळी भरून काढते आणि खर्ज नाहींसा होतो. सेकंदास ५० कंपनांच्या स्वराची हवेंतील एक लहर सुमारें ७ मीटर लांब असते. तिला अडवावयाचें तर मध्यें मोठी फळी किंवा पेटी पाहिजेच. म्हणजे पेटी ही शोभेची वस्तु नव्हे. ती नसेल तर गळ्याला खर्जच लागत नाहीं.

पुढच्याच वर्षीं, १९२६ सालीं, हा लाऊडस्पीकर ‘रेडिओला १०४’ या नांवानें बाजारांत आला. त्याच्या कपाटांत ड्रायव्हर होता, त्याला साजेशी पेटी होती, आणि प्रवाह मोठा करणारें यंत्रही होतें. पहिला आधुनिक ड्रायव्हर असा आपलें सारें घरदार बरोबर घेऊनच आला. त्याला त्या घरांतून उचलून दुसऱ्याच्या घरांत बसविण्याची हौस लोकांना मागाहून सुचली.

त्या हौशीचा पहिला धडा मिळाला चुंबकाच्या बाबतींत. त्या काळचे कायम लोहचुंबक दुबळे असत. म्हणून ड्रायव्हरच्या पाठीशीं तारेची मोठी गुंडाळी बसवून, तिच्यांतून सतत प्रवाह सोडून, विद्युत्चुंबक तयार करीत. रेडिओ बनविणाऱ्यांनीं यांत एक काटकसर साधली. घरांतील विजेवर चालणाऱ्या रेडिओला प्रवाहांतील चढउतार गुळगुळीत करणारी एक गुंडाळी लागतेच. तें कामही याच चुंबकाच्या गुंडाळीकडून करून घेतलें. एका गड्याकडून दोन कामें! १९३० नंतरच्या दशकांतील कितीतरी रेडिओ असे होते. इकडे जपानांत तोकुशिची मिशिमा यानें १९३१ सालीं लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियम यांचा एक जोरदार चुंबकी मिश्रधातु शोधून काढला. त्याच वळणानें पुढें, कोबाल्टची भर पडून, अल्निको नांवाचे बळकट कायम चुंबक निघाले, आणि विद्युत्चुंबकाची गरज उरली नाहीं. नवा ड्रायव्हर हलका, स्वस्त व सोपा होता. परंतु जुन्या रेडिओंतून जुना ड्रायव्हर काढून तेथें हा नवा बसविला, कीं रेडिओ एकसारखा गुणगुणूं लागे किंवा मुळीं चालेनासाच होई. कारण गेलेला गडी जें दुसरें काम करीत होता, तें करावयास आतां कोणीच नसे. त्यासाठीं वेगळी गुंडाळी घालावी लागे. नव्याचा दोष नव्हता. जुन्याचें काम पुरतें समजून न घेतल्याचा तो दोष होता.

चुंबकाची कथा पुढेंही चालूच राहिली. १९५० नंतर लवकरच हॉलंडच्या फिलिप्स कंपनीनें मातीच्या भांड्यांसारखे भाजून केलेले फेराइट चुंबक आणले. १९७८ सालीं आफ्रिकेंतील झैरे देशाच्या शाबा प्रांतांत युद्ध पेटलें, कोबाल्टचा भाव आकाशाला भिडला, आणि अल्निकोवर चालणाऱ्या मोठमोठ्या कारखान्यांना फेराइटकडे वळणें भाग पडलें. फेराइटचा चुंबक अल्निकोपेक्षां रुंद व चपटा करावा लागतो. म्हणून चुंबकाभोवतालच्या लोखंडाचा घाट नव्यानें आंखावा लागला. म्हणजे एकाच ड्रायव्हरच्या पोटांतही एक अवयव बदलला कीं शेजाऱ्यांना बदलावें लागतें, हें कारखानदारांना पुन्हां एकदां शिकावें लागलें.

आतां पेटीकडे वळूं. बेल प्रयोगशाळेच्या आल्बर्ट थुरास यानें १९३० सालीं पेटंटासाठीं अर्ज करून अशी एक पेटी सुचविली कीं, तिला एक मुद्दाम भोंक ठेवून पाठीमागचा आवाज योग्य वेळीं पुढें आणावा आणि खर्जाला जोड द्यावी. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असतां जो घुमारा उठतो, त्याचाच हा उपयोग. पण बाटलीचा स्वर जसा तिच्या पोटावर व मानेवर अवलंबून असतो, तसाच या पेटीचाही. आणि तो स्वर ड्रायव्हरच्या कंपसंख्येशीं जुळला, तरच जोड मिळते. न जुळल्यास खर्ज घुमतो, पण शब्द व ताल त्यांत बुडून जातात.

याच्या उलट मार्ग धरला एडगर व्हिलचर यानें. १९५४ सालीं अमेरिकेंतील केंब्रिज येथें त्यानें हेन्री क्लॉस याच्या साहाय्यानें ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली. त्याची पेटी लहान व पूर्ण बंद. ड्रायव्हरचा शंकु त्यानें इतका सैल ठेविला कीं, नुसता बाहेर वाजविला तर तो बेफाम हलावा. मात्र बंद पेटींतील कोंडलेली हवाच त्याची स्प्रिंग होई. आणि कापडाच्या किंवा कागदाच्या कडेपेक्षां हवेची स्प्रिंग पुष्कळ इमानी असते. टेबलावर मावणाऱ्या पेटींतून लोकांनीं कपाटाएवढ्या पेटीचा खर्ज ऐकला. येथें गळा आणि पेटी यांचें नातें पूर्ण झालें. हा ड्रायव्हर दुसऱ्याच्या मोठ्या पेटींत घातला तर त्याला आवरणारें कोणी नसे. आणि दुसऱ्याचा ताठ ड्रायव्हर या लहान पेटींत घातला तर त्याचा खर्ज घुसमटून जाई.

ही सारी अनुभवाची विद्या झाली. तिचें गणित मांडलें तें ऑस्ट्रेलियांत. नेव्हिल थील या अभियंत्यानें १९६१ सालीं भोंकाच्या पेट्यांविषयीं एक निबंध लिहिला. दहा वर्षें तो बव्हंशीं दुर्लक्षित राहिला. १९७१ सालीं अमेरिकेंत तो पुनर्मुद्रित झाला, आणि त्याच सुमारास सिडनी विद्यापीठांतील रिचर्ड स्मॉल यानें तोच धागा पुढें नेला. या दोघांनीं दाखविलें कीं, खर्जाच्या बाबतींत ड्रायव्हरची कुंडली मुख्यतः तीन आंकड्यांत मांडतां येते. त्याची मोकळ्या हवेंतील कंपसंख्या, हा पहिला. त्याच्या कडेचा सैलपणा किती लिटर हवेच्या स्प्रिंगेबरोबर आहे, हा दुसरा. आणि चुंबक व कड मिळून शंकूला किती लगाम घालतात, हा तिसरा. हे तीन आंकडे आणि पेटीचें घनमान ठाऊक असलें, तर पेटी करण्यापूर्वींच खर्ज किती खोल जाईल हें सांगतां येतें.

एक हिशेब करून पाहूं. समजा, जुन्या २० लिटरच्या बंद पेटींत एक ड्रायव्हर आहे. त्याची स्वतःची कंपसंख्या सेकंदास ४५, आणि त्याची कड २० लिटर हवेच्या तोडीची. पेटींत बसल्यावर त्याची कंपसंख्या चढून सुमारें ६४ होते. आतां दुकानदारानें नवा, अधिक किंमतीचा ड्रायव्हर आणला. त्याची कंपसंख्या ३०, म्हणजे कागदावर कितीतरी खोल. पण कड इतकी सैल कीं ती १०० लिटर हवेच्या तोडीची. तोच त्या २० लिटरच्या पेटींत बसविला असतां कंपसंख्या सुमारें ७३ वर जाते! कागदावरचा मोठा गुणी माणूस त्या घरांत आल्यावर जुन्यापेक्षां उणा ठरला. चुंबकाच्या जोराचेंही तसेंच. ‘चुंबक मोठा, म्हणजे खर्ज मोठा’ अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः चुंबक जितका जोरदार, तितका शंकूला लगाम अधिक. मधले स्वर त्यानें खणखणीत होतात, परंतु बंद पेटींत तळाचा खर्ज लवकर ओसरूं लागतो. ज्या घरीं जुना ड्रायव्हर काढून महाग ड्रायव्हर बसविल्यावर ‘आवाज मोठा झाला, पण भरला नाहीं’ अशी तक्रार ऐकूं येते, तेथें पुष्कळदां कारण एवढेंच असतें.

या साऱ्या इतिहासाचा कळस म्हणून एका लहानशा ब्रिटिश लाऊडस्पीकरची हकीकत सांगण्यासारखी आहे. बी.बी.सी.च्या बाहेरगांवच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांतून जागा थोडी. तेथें बसून ध्वनि पारखावयास सुमारें ५ लिटरची एक चिमुकली पेटी त्या संस्थेच्या अभियंत्यांनीं तयार केली. आंतील दोन्ही ड्रायव्हर, खालच्या व मधल्या स्वरांचा बी ११० आणि वरच्या स्वरांचा टी २७, हे केंट परगण्यांतील केईएफ कंपनीचे तयार माल होते. पहिली थोडी नगें झाल्यावर अधिक करावयाचें ठरलें, तों असें आढळून आलें कीं, कारखान्यानें मध्यंतरीं दोन्ही ड्रायव्हरांत फेरफार केलेले आहेत. नांवें तींच, मापें तींच, स्क्रूचीं भोंकेंही तींच. पण आवाज निराळा. बी.बी.सी.नें काय करावें? नव्या ड्रायव्हरांना जुन्या पेटींत कोंबून ‘चालेल’ म्हटलें नाहीं. दोन ड्रायव्हरांमध्यें स्वरांची वांटणी करणारें जें क्रॉसओव्हर नांवाचें विद्युन्मंडल असतें, तें त्यांनीं नव्यानें आंखलें. वरच्या स्वरांच्या ड्रायव्हरचा जोर नगागणिक थोडा कमीअधिक येतो, म्हणून तो जुळविण्याचीही सोय त्या मंडलांत ठेविली. त्या ड्रायव्हरभोंवतीं लोकरीच्या फेल्टची चौकट बसविली. अशी ती ‘एलएस ३/५ ए’ नांवाची जोडी सिद्ध झाली, आणि १९७६ सालीं हारवुड, व्हॉटन व मिल्स यांनीं तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

गोष्ट एवढ्यावर संपली नाहीं. पुढें वर्षांनुवर्षें बी ११० च्या घडणींत पुन्हां हळूहळू फरक पडत गेला, आणि १९८७-८८ च्या सुमारास क्रॉसओव्हर तिसऱ्यांदा नवा करावा लागला. पहिली जात १५ ओहमची, तर ही नवी ११ ओहमची म्हणून ओळखली जाते. आज जुन्या जोडींतील एखादा बी ११० निकामी झाला आणि त्याच्या जागीं नव्या जातीचा आणून बसविला, तर तो फळींत बिनचूक बसतो, परंतु क्रॉसओव्हरशीं जुळत नाहीं. ज्या संस्थेपाशीं मोजमापाचीं साधनें व शिकलेले कान होते, तिनेंही ड्रायव्हर बदलल्यावर बाकीचें तसेंच ठेवण्याचें धाडस केलें नाहीं. मग घरीं पेंचकस घेऊन बसणाऱ्यानें तें किती करावें, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

याचा अर्थ जुन्या पेटीला हात लावूं नये असा नव्हे. पुष्कळदां बसलेला वाटणारा गळा प्रत्यक्षांत बसलेला नसतो. शंकूची फोमची कड, विशेषतः दमट हवेंत, पंधरा-वीस वर्षांत कुजून चुरा होते; क्रॉसओव्हरमधील कपॅसिटर म्हातारे होतात. मूळच्या जातीची कड लावून व मूळ मापाचे कपॅसिटर घालून असा लाऊडस्पीकर पुन्हां पूर्वीसारखा बोलूं लागतो, आणि त्याला खर्चही थोडा येतो. एवढें करूनही नवा ड्रायव्हर घालावयाचाच असेल, तर त्याचे ते तीन आंकडे विचारावे, पेटीचें घनमान मोजावें, त्याचा जोर व ओहम जुन्याशीं ताडून पाहावे, आणि क्रॉसओव्हरही बदलावा लागेल हें धरून चालावें. हा हिशेब करण्याची तयारी नसेल, तर जुन्या ड्रायव्हरला दुरुस्त करून त्याच्याच पेटींत नांदूं द्यावें.

सीमेन्सच्या वेटोळ्यापासून आजच्या नियोडिमियमच्या चुंबकापर्यंत ड्रायव्हर उत्तरोत्तर चांगला होत आला, यांत शंका नाहीं. परंतु त्या प्रत्येक पायरीवर ज्यांना यश आलें, त्यांनीं ड्रायव्हरबरोबर पेटीचा, क्रॉसओव्हरचा किंवा यंत्राचा विचार एकत्र केला होता. ज्यांनीं सुटा माल घेतला, त्यांना पैसे खर्चूनही जुन्याची आठवण येत राहिली. वडिलांच्या वेळच्या त्या पेटींत आवाज बसविणाऱ्या कोणा अज्ञात कारागिरानें हा हिशेब एकदां करून ठेविलेला असतो. तो समजून घेतल्याखेरीज पुसून टाकूं नये.